आधी पाणी, मग मासा : ड्वार्फ सिक्लिडविषयी वाचकांचे प्रश्न

दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे ठेवावेत या प्रश्नाचे उत्तर देताना मागे या सदरात ड्वार्फ सिक्लिडचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बरीचशी ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. सिक्लिड हे कुळ आपल्याला वाटते तितके परके नाही. मासळी बाजारात ढिगाने दिसणारी चिलापी सिक्लिडच आहे, आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या टँकमधले ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि अँजल हेही त्याच कुळातले. ड्वार्फ म्हणजे त्यांतले बुटके भाऊबंद, जे साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहतात, पण जागेवरचा हक्क सांगण्याची खोड मात्र पूर्ण आकाराची बाळगतात.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. आमचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. गेल्या सहा महिन्यांत जर्मन ब्लू रॅम या ड्वार्फ सिक्लिडच्या तीन जोड्या आणल्या, परंतु एकही जोडी महिनाभर टिकली नाही. स्वच्छतेत आम्ही कुठेही कमी पडत नाही. दर रविवारी सर्व पाणी बदलतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतो आणि खडे गरम पाण्यातून काढतो. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असल्याने पाणी मृदू आहे, मात्र टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर ४१० दाखवतो. रॅम नाजूकच असतो, असे दुकानदार म्हणतात. मग आम्ही दुसरा कोणता मासा निवडावा? – एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : आपण दुसरा मासा विचारला आहे, परंतु आपल्या पत्रातील खरी अडचण माशाच्या आधीची आहे, आणि ती लिहिताना थोडे वाईट वाटते, कारण आपले मासे हयगयीने नव्हे तर स्वच्छतेने मेले असावेत. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि त्यांच्या कल्ल्यांतूनही पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो. स्पंजवर, वाळूवर आणि दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच असते, नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलल्याने ते आटोक्यात राहते. हे जिवाणू नव्या टँकमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज चोळून आणि खडे गरम पाण्यातून काढून त्यांचा संसार मोडत होता, म्हणजे आपला टँक सहा महिने जुना दिसत असला तरी प्रत्यक्षात तो दर सोमवारी नवाच होत होता. त्यातच पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान जितके जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, आणि रॅमसाठी पाणी उबदारच ठेवावे लागते.

सॉफ्टनरबद्दलही गैरसमज आहे, आणि तो फार सार्वत्रिक आहे. सोसायटीतील सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे साबणाला फेस चांगला येतो आणि गीझरमध्ये चुना धरत नाही, परंतु विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण कमी होत नाही; म्हणूनच आपला मीटर ४१० वरून हललेला नाही. ओरिनोको किंवा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील माशासाठी मृदू पाणी म्हणजे ज्यात क्षारच थोडे आहेत असे पाणी. एक क्षार काढून दुसरा भरलेले पाणी त्यात बसत नाही. आपल्या भागात धरणातून येणारे महापालिकेचे पाणी मुळात पावसाचे, आणि तेही काळ्या बेसाल्टवरून वाहून आलेले, त्यामुळे बरेच सौम्य असते. ४१० हा आकडा बहुधा बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत मिसळत असल्याचे सुचवतो. पंप पाहणाऱ्या माणसाला विचारून सॉफ्टनरच्या आधीचे पाणी मिळते का, ते पाहावे. ते मिळाले आणि त्याचाही आकडा चारशेच्या आसपास निघाला, तर घरच्या आरओचे पाणी त्यात मिसळावे. आरओच्या पाण्याचा आकडा ४० आहे असे धरले, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर २२५ येईल, आणि एक भाग नळाचे व दोन भाग आरओचे घेतल्यास साधारण १६३. निव्वळ आरओचे पाणी मात्र वापरू नये, कारण सामू स्थिर ठेवणारे बायकार्बोनेट त्यात जवळजवळ नसतात आणि अशा पाण्याचा सामू एका रात्रीतही घसरू शकतो.

आता माशाकडे येतो. रॅमच्या नावातील ‘जर्मन’ या शब्दाला भुलू नये. हा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबियातील गवताळ मैदानांमधला आहे, आणि १९४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तिथले उथळ पाणी चांगलेच तापते, त्यामुळे २७ ते ३० अंश सेल्सिअस हे तापमान त्याला मानवते. म्हणजे ठाण्याच्या हवेशी त्याचे जमते, आपल्या रविवारांशी जमले नाही. दुसरी गोष्ट अशी की बाजारातील बहुतेक रॅम पिढ्यानपिढ्या पैदास केंद्रांत रंगासाठी निवडलेले असतात. फुगीर पोटाचे ‘बलून’ आणि अंगभर निळे ‘इलेक्ट्रिक ब्लू’ हे प्रकार तर त्याहून नाजूक. त्यामुळे पहिला सिक्लिड म्हणून मी रॅम सुचवत नाही.

आपल्या टँकसाठी माझी निवड अपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस ही आहे. नराच्या पाठीवरच्या परातले पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे राहतात आणि त्यावरूनच त्याला काकाकुव्याचे नाव मिळाले आहे. नर साधारण आठ आणि मादी पाच सेंटिमीटरची होते. मूळचा पेरूच्या बाजूचा हा मासा आपल्या भाईबंदांपेक्षा थोडे जड, म्हणजे जास्त क्षारांचे, पाणी सहन करतो, त्यामुळे आठवड्याला पाण्याचा आकडा पंचवीस-तीसने इकडेतिकडे झाला तरी तो लगेच आजारी पडत नाही. याच्याच जवळचा अपिस्टोग्रामा अगासिझी अधिक देखणा आहे, असे पुष्कळांचे मत आहे आणि ते खोटे नाही, परंतु त्याला मऊ, आम्लधर्मी पाणी लागते. तो दुसऱ्या टँकसाठी राखून ठेवावा. बोलिव्हियन रॅमही कणखर असतो, मात्र आठ सेंटिमीटरचे दोन मासे दोन फुटांत ठेवले तर बाकी कुणाला जागा उरत नाही. क्रिबेन्सिस हा आफ्रिकेतला, नायजेरियाकडचा. त्याला जड पाणी चालते आणि तो सहज मिळतो, पण नर दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पिल्ले झाली की ही जोडी दोन फुटी टँकमधले इतर सगळे मासे एका कोपऱ्यात दाबून ठेवते. त्याला अडीच-तीन फूट असतील तरच हात लावावा.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे आणि जो मासा खायला पुढे येत नाही तो कितीही रंगीत असला तरी सोडून द्यावा. पोट आत गेलेले, पर मिटलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, किंवा मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारी असेल, तर त्या टँकमधला एकही मासा घेऊ नये. जेमतेम एक इंच लांबीच्या पिल्लाला पूर्ण वाढ झालेल्या नराचा रंग असेल तर तो संप्रेरके खाऊ घालून आणलेला असण्याची शक्यता असते आणि घरी आल्यावर तो रंग उतरतो. अपिस्टोच्या माद्या फिकट असल्याने अनेक दुकाने त्या मागवतच नाहीत, मुद्दाम मागाव्यात. ‘मादी’ म्हणून दाखवलेला मासा कधी कधी दबलेला नरच असतो. मादीच्या पोटाखालच्या परांची पुढची कड बहुधा काळी असते, तेवढी पाहून घ्यावी.

तर क्रम असा ठेवावा. टँक चालू करून, मासे न सोडता, त्यात जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य टाकावे, एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर आपल्या फिल्टरशेजारी लावावा, आणि चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबावे. त्यानंतर एक नर आणि एक मादी आणावी. पुढे दर आठवड्याला सुमारे दहा लिटर, म्हणजे अर्धी बादली, पाणी बदलावे. दोन फुटी टँकमध्ये छप्पन्न लिटर मावत असले तरी वाळू-दगड वजा जाता प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास पाणी असते. क्लोरीन घालवण्यासाठी बाजारात हायपो म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळून परत लावावा. तो चकचकीत दिसता कामा नये. आणि लॉबीतल्या फलकावर टाक्या धुण्याची सूचना लागली असेल, तर त्या दोन-तीन दिवसांत पाणी बदलू नये. टाकीत ब्लीचिंग पावडरचा अंश राहिलेला असतो.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या सदनिकेत जागा कमी असल्याने दीड फूट लांब आणि एक फूट रुंद टँकच बसतो. यात ड्वार्फ सिक्लिडची जोडी राहील का, आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या गुहा व रंगीत खडे न वापरता आतली सजावट कशी करावी? पुस्तकात आम्ही अपिस्टोग्रामा बोरेली सर्वांत काटक असल्याचे वाचले आहे. – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : बोरेली काटक आहे हे खरे, परंतु कोणत्या अर्थाने ते पाहिले पाहिजे. तो पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला मासा आहे आणि थंड पाणी सहन करतो. थंड देशांतील पुस्तकांना त्याचे कौतुक त्यासाठीच आहे. नेरूळमध्ये मे महिन्यात घरातल्या टँकचे पाणी ३१-३२ अंशांवर जाते, तिथे त्याचा हा गुण काही कामाचा नाही. दीड फुटात काकाटुऑइडिसचा एकटा नर सुखाने राहतो आणि खरे तर तोच सर्वांत चांगला दिसतो. जोडीच हवी असेल तर टँक पूर्ण पक्का झाल्यावर रॅमची एक जोडी ठेवता येईल, पण मग तळाशी फिरणारा कोरिडोरससारखा दुसरा कोणताही मासा ठेवू नये. या माशांचे घर म्हणजे तळाची जमीन. उंच टँकमध्ये लिटर जास्त दिसतात, पण जमीन वाढत नाही. आपला दीड फुटी टँक उंची वाढवून दोन फुटीसारखा होणार नाही.

सजावटीचा प्रश्न मला फार आवडला, कारण आपल्या घरात आणि रस्त्यावर जे मिळते तेच या माशांना सर्वांत जास्त मानवते. संक्रांतीची सुगडं जपून ठेवली असतील तर त्यांतले रंग न लावलेले एक घ्यावे, काठाला कानशीने बोटाच्या पेराएवढी खाच पाडावी आणि ते वाळूवर उपडे ठेवावे. खाच इतकीच असावी की मादी आत जाईल आणि नर अडेल. आमच्या घरी अशाच एका सुगडात अपिस्टोच्या मादीने पहिल्यांदा अंडी दिली. छताला, म्हणजे सुगडाच्या बुडाला आतून, तांबूस अंड्यांचा थर चिकटलेला होता आणि ती उलटी होऊन एकेका अंड्यावर पराने वारा घालत होती. सुगडाऐवजी करवंटीही चालते, मात्र आतले खोबरे पूर्ण खरवडून काढावे, ती दोन-तीनदा उकळावी आणि आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाही तर पाण्यावर तवंग येतो.

रस्त्याच्या कडेला लावलेला देशी बदाम आपल्याकडे जागोजागी आहे. त्याचे झाडावरून आपोआप गळालेले, पूर्ण तपकिरी आणि वाळलेले पान धुऊन टाकले की ते एक-दोन दिवसांत तळाला बसते आणि पाण्याला चहासारखा हलका रंग येतो. त्यातील टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते, आणि पिल्लांना पानावर वाढणारे सूक्ष्मजीव खायला मिळतात. दीड फुटाला एक मोठे पान पुरे. हिरवे पान टाकू नये, आणि वर्दळीच्या चौकातले किंवा औषधफवारणी झालेल्या बागेतले उचलू नये.

वाळू बारीक हवी, कारण अपिस्टो वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतात आणि त्यातले खाद्य वेचून खातात. भरड खड्यांत त्यांना हे जमत नाही. बांधकामाच्या ढिगातली रेती आणण्याचा मोह टाळावा. ती खाडीची असेल तर तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, आणि शिंपले विरघळून पाणी हळूहळू जड होत जाते. शंका असेल तर मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतून पाहावे. बुडबुडे आले तर ती वाळू या कामाची नाही. गाळणीसाठी वापरतात ती गारगोटीची वाळू मिळाल्यास उत्तम. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. मागच्या कोपऱ्यात अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला बांधून ठेवावे, दोघांनाही तीव्र प्रकाश लागत नाही. मध्ये एखादे लाकूड असे आडवे टाकावे की एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसणार नाही, कारण यांची भांडणे बहुतेक नजरेने सुरू होतात.

प्रश्न : गोल्डफिश आणि मॉली आधीपासून आहेत. त्यांच्यातच रॅमची जोडी सोडली तर चालेल का? – एक वाचक, वाशी

उत्तर : चालणार नाही. गोल्डफिशला थंड पाणी हवे आणि तो घाण फार करतो; मॉलीला जड, किंचित खारटही चालणारे पाणी हवे; रॅमला यातले काहीच नको. सोबत द्यायचीच असेल तर पाण्याच्या वरच्या थरात फिरणारे एम्बर टेट्रासारखे लहान मासे आठ-दहा द्यावेत. वर मासे निर्धास्त फिरताना दिसले की खाली लपून बसलेला लाजाळू सिक्लिडही बाहेर येतो.

प्रश्न : खारघरमधल्या आमच्या इमारतीत वर्षाचे बरेच महिने बोअरवेलचे पाणी येते. टीडीएस ६५० च्या आसपास असतो. रोज आरओचे पाणी मिसळत बसणे आम्हाला जमणारे नाही. म्हणजे आम्ही सिक्लिडचा नाद सोडावा का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मुळीच सोडू नये, दक्षिण अमेरिकेचा नाद तेवढा सोडावा. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे, त्याचा सामू साधारण ८.५ ते ९ च्या दरम्यान असतो, आणि तिथले निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिअॅटस, ज्यांना छंदी लोक नुसते ‘मल्टी’ म्हणतात, हे जगातील सर्वांत लहान सिक्लिडांपैकी आहेत. नर चार-साडेचार सेंटिमीटरचा, मादी त्याहूनही लहान. हे मासे रिकाम्या शंखांत राहतात. आपला शंख तोंडाने वाळू उपसून हवा तसा पुरतात, शेजाऱ्याच्या बाजूला वाळूचा बांध घालतात आणि शेजाऱ्याने तो ढासळला की पुन्हा घालतात. सोसायटीच्या पार्किंगमधले वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

मात्र आधी एक चाचणी करावी. ६५० हा आकडा कशाचा आहे ते मीटर सांगत नाही. खाडीजवळच्या बोअरवेलमध्ये तो कॅल्शियमचा नसून मिठाचाही असू शकतो. काठिण्य मोजणारा थेंबांचा संच आणून एकूण काठिण्य आणि कार्बोनेट काठिण्य दोन्ही पाहावे. दोन्ही चांगले वरचे आले तरच हे पाणी मल्टींना योग्य. पाणी चवीला खारट असेल, किंवा बादलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस गाळ बसत असेल, तर ते थेट वापरू नये. दोन फुटी टँक, पाच सेंटिमीटर बारीक वाळू आणि माशांच्या संख्येच्या किमान दुप्पट शंख, एवढीच तयारी लागते. इथे शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळूही चालते, फक्त मीठ पूर्ण धुऊन काढावे. शंख भातखाचरांतल्या मोठ्या गोगलगायींचे, रिकामे आणि उकळून घेतलेले, छान चालतात. सहा पिल्ले आणून सोडावीत. जोड्या ती आपापल्या लावतात आणि पुढे सगळ्या वयाची पिल्ले आईबापांसोबत एकाच वस्तीत राहतात. यांना २४ ते २७ अंश मानवते, त्यामुळे उन्हाळ्याविषयी पुढचे उत्तर आपणही वाचावे.

प्रश्न : उन्हाळ्यात आणि वीज गेल्यावर काय करावे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना दर लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५, त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यात पहिली वाढ हवेच्या पंपात करावी. टँकचे झाकण काढून वर जाळी टाकावी (अपिस्टो उडी मारतात) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने तापमान दोन अंशांनी उतरते; दमट दिवशी त्याहून कमी, आणि आपल्या किनाऱ्यावर दमट दिवसच जास्त. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत आणि नळाचे पाणी ओतत राहिले तर आकडा चढत जातो. टँकमध्ये बर्फ टाकू नये.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवल्याच्या दिवशी चार-पाच तास स्पंजमधून पाणी फिरले नाही, तर मासे कदाचित तगतील, पण स्पंजमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि त्याचा फटका दोन दिवसांनी बसतो. वीज नसताना खाद्य देऊ नये. हिवाळ्याची चिंता आपल्याकडे थोडी आहे. जानेवारीत पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा पन्नास वॉटचा हीटर रॅमसाठी २८ आणि अपिस्टोसाठी २५ वर लावला की भागते.

प्रश्न : आपल्याकडे मूळचा सिक्लिड एकही नाही का? – एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : आहे, तीन आहेत. कोकण-गोव्याकडे जेवणात येणारी काळुंदर, जिला केरळात करिमीन म्हणतात, ती सिक्लिड आहे आणि केरळने तिला राज्य मासा म्हणून २०१० साली मान दिला. दुसरा ऑरेंज क्रोमाइड आणि तिसरा कर्नाटकातील मोजक्या नद्यांत आढळणारा कॅनरा पर्लस्पॉट. यांतला ऑरेंज क्रोमाइड आठ सेंटिमीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे आकाराने तो ड्वार्फमध्ये बसू शकेल, पण तो खाडीच्या मचूळ पाण्यातही राहणारा, घोळक्याने फिरणारा मासा आहे आणि त्याला तीन फुटांहून कमी टँक देऊ नये. रॅम किंवा अपिस्टोबरोबर त्याला ठेवता येणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी टँकमध्ये काकाटुऑइडिसची जोडी आहे. गेल्या आठवड्यापासून मादीचा रंग एकाएकी पिवळाजर्द झाला असून अंगावर काळे पट्टे व डाग उठले आहेत. ती नराला इतकी मारते की तो फिल्टरमागे दडून बसतो. तिला काही रोग झाला आहे का? आणि मागच्या खेपेस जगलेली पिल्ले बहुतेक नरच निघाली, असे का व्हावे? – एक वाचक, कळवा

उत्तर : रोग नाही, बाळंतपण आहे. पिवळा आणि काळा हा अपिस्टोच्या मादीचा पिल्ले सांभाळतानाचा वेश आहे. रॅममध्ये नर-मादी दोघे मिळून सपाट दगडावर अंडी देतात आणि दोघेही राखण करतात. अपिस्टोमध्ये नराचे काम दूरच्या सीमेवर, आणि गुहेजवळ एकटी मादी. आपल्या दोन फुटांत दूरची सीमा म्हणजे फिल्टरची मागची बाजू एवढीच उरते, म्हणून नर तिथे दिसतो. त्याचे पर फाटले नसतील आणि तो खात असेल तर काही करू नये. पर फाटत असतील तर मधोमध जावा मॉसचा मोठा गुच्छ टाकून नजर अडवावी, आणि तेही पुरले नाही तर त्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. मादीला मात्र हलवू नये, आणि आत काय आहे ते पाहण्यासाठी गुहा उचलून बघू नये. घाबरलेली मादी अंडी खाऊन टाकते.

अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर पाचेक दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. तो दिवस चुकवू नये. सकाळी आई गुहेच्या तोंडाशी येते, आणि तिच्या पोटाखाली वाळूच हलल्यासारखे वाटते. नीट पाहिले की प्रत्येक कणाला दोन डोळे असतात. तिने पोटाखालचे पर झटकन उघडमीट केले की सगळी पिल्ले जागच्या जागी तळाला बसतात, इतकी की डोळ्यांदेखत नाहीशी व्हावीत, आणि धोका टळला की ती सगळी घेऊन पुढच्या पानावर चरायला जाते. या वयाच्या पिल्लांना भुकटी पुरत नाही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची ताजी पिल्ले द्यावीत. एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ विरघळवून, त्यात आर्टेमियाची अंडी टाकून उपड्या बाटलीत खालून हवा सोडत ठेवले, तर आपल्या हवेत चोवीस तासांत ती फुटतात. पिल्ले टाकण्याआधी गोड्या पाण्याने धुवावीत, आणि दिवसातून तीनदा थोडी थोडी द्यावीत. मोठ्या माशांना डासांच्या अळ्या अतिशय आवडतात, पण त्यांच्यासाठी बाल्कनीत पाण्याचा डबा भरून ठेवू नये. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसे घरोघर अशाच डब्यांच्या शोधात येतात, आणि ते बरोबरच आहे. नाल्यातून उपसलेले ट्यूबिफेक्स किडे मी कुणालाच सुचवत नाही. गोठवलेले ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा पुरे.

सगळे नर का निघाले, याचे उत्तर आपल्या थर्मामीटरवर असावे. अपिस्टोच्या अनेक जातींत पिल्लांचे लिंग केवळ वंशसूत्रांवर नव्हे तर सुरुवातीच्या आठवड्यांतील पाण्याच्या तापमानावरही ठरते, आणि पाणी जितके गरम तितके नर जास्त होतात, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनातून दिसून आले. मागची खेप आपण पाठवलेल्या तारखांनुसार मे महिन्यातली होती, तेव्हा पाणी तिशीच्या पुढेच असणार. या वेळी पिल्ले पोहू लागल्यापासून पहिले सहा आठवडे पाणी २५-२६ अंशांवर ठेवण्याचा प्रयत्न करावा.

मागच्या खेपेतले जास्तीचे नर दोन फुटांत एकत्र ठेवू नयेत. साडेतीन-चार सेंटिमीटरचे झाले की ते एकमेकांना जगू देत नाहीत. दुकानदार बदल्यात खाद्य देऊन घेतात, छंदी मित्रही घेतात. मासुंदा किंवा उपवन तलावात मात्र ते सोडू नयेत. आपल्या तलावांना बाहेरून आलेल्या एका चिलापीचा अनुभव पुरेसा आहे. द्यायला निघाल्यावर पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवावी, प्रत्येक नराला स्वतंत्र पिशवी द्यावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खाद्य घालू नये.